घर हलवताना खोकी सगळ्यात शेवटी आणा

घर हलवायचं ठरलं की पहिल्याच रविवारी कुणीतरी वाण्याकडून रिकामी खोकी उचलून आणतं. हॉलमध्ये चळत लागते, मुलं त्यांत लपून बसतात आणि संध्याकाळपर्यंत शोकेस भरून होतं. काम सुरू झाल्यासारखं वाटतं. पंधरा दिवसांनी गाडीवाला विचारतो, "सामान किती?" तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. निम्मं सामान खोक्यांत गेलेलं असतं, आणि त्यातलंही निम्मं खरं तर टाकायचं असतं.

मी आजवर चार घरं हलवली. शेवटचं सासरचं, डोंबिवलीतलं: तिसरा मजला, लिफ्ट नाही, सहा माणसं आणि तीस वर्षांचा साठा. जायचं होतं पुण्याला. खालचा क्रम त्यातल्या चुकांतून आला आहे. भाड्याच्या वन आरकेला एवढा खटाटोप लागत नाही. भरलेल्या, जुन्या, मोठ्या घराला लागतो. हाताशी सहा आठवडे ठेवा.

१. आधी नवं घर मोजा (सहा आठवडे आधी)

टेप, वही आणि एक माणूस सोबत घेऊन नव्या घरी जा. खोल्यांची मापं बिल्डरच्या कागदावर असतात, ती इथे फारशी कामाची नाहीत. आपल्याला हवी असतात वाटेची मापं:

- मुख्य दाराची, दार पूर्ण उघडल्यावर उरणारी रुंदी. चौकटीची नव्हे.
- लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली उंची आणि खोली.
- जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि तिथली डोक्यावरची उंची.
- फ्रिज आणि वॉशिंग मशीनची जागा, मशीनजवळचा नळ आणि पाणी सोडायची सोय.
- कुठल्या भिंतीवर किती प्लग आहेत आणि त्यातले १६ अँपिअरचे कोणते.

मग जुन्या घरी येऊन मोठ्या वस्तू मोजा. आमचा फ्रिज २७ इंच रुंद आणि नव्या ओट्याशेजारचा कोनाडा २६. हे कळलं कधी, तर चार हमाल फ्रिज धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे असताना. पुढचे आठ महिने तो फ्रिज हॉलमध्ये सोफ्याशेजारी होता आणि पाहुणे त्याला टेकून चहा प्यायचे.

उंच कपाटाच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट आडवं आत नेऊन उभं करायचं तर त्याचा कोपरा वर जाताना साधारण ७ फूट साडेतीन इंच उंची लागते. फॉल्स सीलिंग असेल तिथे हेच साडेतीन इंच नडतात.

> तपासा: प्रत्येक मोठी वस्तू नव्या घरात कुठे बसणार ते कागदावर लिहिलं गेलं का? जिच्यापुढे जागा लिहिता आली नाही ती वस्तू पुढच्या टप्प्यात जाते.

२. मग सामान कमी करा (सहा ते चार आठवडे आधी)

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण यातच सगळ्यात जास्त भांडणं होतात. सुरुवात माळ्यापासून करा. माळ्यावर जे असतं त्याची गेल्या दोन वर्षांत कुणाला आठवण झालेली नसते, त्यामुळे तिथे हात सैल सुटतो. कपडे आणि फोटो शेवटी. पहिल्याच दिवशी फोटोंचा अल्बम उघडलात तर तो दिवस गेला.

घरातल्या ज्येष्ठांच्या वस्तूंना त्यांच्या माघारी हात लावू नका. सासूबाईंच्या तांब्याच्या दोन घागरी मी "वापरात नाहीत" म्हणून भंगाराच्या ढिगात ठेवल्या होत्या. त्यांनी काहीच न बोलता त्या उचलून पलंगाखाली ठेवल्या, आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक ढीग दोनदा तपासला गेला. त्यापेक्षा सुरुवातीलाच एक मोठं खोकं त्यांच्या हाती द्यावं. "यात तुम्हाला हवं ते भरा, मी विचारणार नाही." काम लवकर होतं.

कशाची विल्हेवाट कशी लावायची?

रद्दी आणि लोखंड भंगारवाल्याला, पण कागद देण्याआधी एकेक फाइल चाळून. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जुन्या पॉलिसी, दाखले हे सगळं जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्यातच सापडतं. जुने टीव्ही, बॅटऱ्या, चार्जर हे ई-कचऱ्यात द्या. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत वळती करून घेतो.

आणि बोहारीण. जुने कपडे देऊन तिच्याकडून भांडी घ्यायची आपली सवय असते. घर हलवायच्या महिन्यात हा व्यवहार करू नका. आम्ही साड्यांचं गाठोडं कमी केलं आणि तीन नवी पातेली वाढवली.

स्वयंपाकघरातला साठा याच टप्प्यात उतरवायला घ्या. मे-जूनमध्ये हलणार असाल तर वर्षाचे गहू-तांदूळ यंदा नव्या गावी भरा. कुरडया-पापड करायचेच असतील तर ते तिथे पोचल्यावर. पत्र्याच्या डब्यात उरलेले पंचवीस किलो तांदूळ तीन मजले उतरवून पुन्हा चढवण्यात शहाणपण नाही.

> सावधान: "सध्या नेऊ, तिथे ठरवू" हे वाक्य घरात तीनदा ऐकू आलं की समजा, गाडी एक नंबर मोठी लागणार.

३. यादी करा, मगच गाडी ठरवा (चार आठवडे आधी)

आता उरलेल्या सामानाची खोलीवार यादी करा आणि मोबाइलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, पलंगाचे कप्पे उघडून, बाल्कनीसकट. हा व्हिडिओ पुढे दोनदा कामाला येतो: भाव ठरवताना आणि काही मोडलं तर.

निदान तीन ठिकाणी विचारा, आणि त्यातल्या दोघांना तरी घरी येऊन सामान बघायला लावा. फोनवर "टू बीएचके आहे" एवढंच सांगून मिळालेला भाव हा भाव नव्हे. साधारण अंदाज असा: छोटा हत्ती म्हणजे एका खोलीचं सामान, ४०७ मध्ये (टाटाचा मधल्या आकाराचा टेम्पो) वन बीएचके, १४ फुटी गाडीत नेटकं टू बीएचके, आणि जुन्या भरलेल्या मोठ्या घराला १७ किंवा १९ फुटी. पावसाळ्यात बंद कंटेनरचीच गाडी मागा. ताडपत्रीवर भरवसा ठेवून आमच्या दोन गाद्या घाटात भिजल्या.

कोटेशनमध्ये या गोष्टी लेखी घ्या:

१. पूर्ण गाडी आपली की शेअरिंग? शेअरिंगमध्ये माल गोदामात उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो आणि पोचायला दिवस लागतात. मोडतोडही तिथेच जास्त होते.
२. दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे-नाही, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते. नंतरचे वाद इथूनच निघतात.
३. पलंग-कपाट उघडणं आणि पुन्हा जोडणं धरलंय का? एसी काढणं-बसवणं सहसा वेगळं असतं.
४. जीएसटी आणि टोल धरून की सोडून?
५. विमा. "इन्शुरन्स आहे मॅडम" या शब्दांना अर्थ नाही. विमा कंपनीची पॉलिसी, तिच्यावर आपलं नाव आणि मालाची किंमत हवी. आपण स्वतः बांधलेली खोकी त्यात धरली जातात का, तेही विचारा.

इतरांपेक्षा फारच कमी भाव आला तर खुश होऊ नका. गाडी भरली की रक्कम वाढते, आणि सामान त्यांच्या ताब्यात असताना घासाघीस करायची ताकद आपल्याकडे उरत नाही. माझ्या एका मैत्रिणीला निघाल्यावर फोन आला होता, नाक्यावर जकात भरावी लागली म्हणून. महाराष्ट्रातली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर पूर्ण संपली. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही. असा फोन आला तर पावती मागा.

तारीख शक्यतो महिन्याच्या मधल्या आठवड्यातली, कामाच्या दिवसाची घ्या. महिनाअखेरीला भाडेकरार संपतात, गाड्या आणि माणसं दोन्ही ओढाताणीत असतात. मुंबईकडून पुण्याला जायचं असेल तर शनिवारची सकाळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. बोरघाटात गाडी अडकली की उतरवायला रात्र होते आणि नव्या सोसायटीचं गेट बंद झालेलं असतं. ज्यांच्याकडे पितृपक्षात नवीन घरी जात नाहीत त्यांनी पंचांग आत्ताच बघा, आगाऊ रक्कम दिल्यावर नको.

> तपासा: दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना तारीख कळवली का? थकबाकी नसल्याचं पत्र, सामान न्यायची वेळ, लिफ्ट वापरू देतात का, डिपॉझिट घेतात का, गाडी कुठे लावायची, हे सगळं आधी विचारा. भाड्याच्या घरात जात असाल तर करार नोंदवलेला आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली हवी. काही सोसायट्या त्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत.

४. गॅस, वीज, शाळा (तीन आठवडे आधी)

गॅसचं प्रकरण सगळ्यात जास्त चुकतं. सिलिंडर सामानाच्या गाडीत घालून न्यायचा नसतो. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, डिपॉझिट परत घ्यायचं आणि ट्रान्सफर-टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. ते दाखवून नव्या गावात त्या वेळच्या दराने डिपॉझिट भरून जोडणी मिळते. शहर तेच असेल तर सिलिंडर जमा न करता नुसती जोडणी नव्या एजन्सीकडे वळते. गॅसचं पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवा. पाइपचा गॅस असेल तर तो बंद करायचा अर्ज आधी द्यावा लागतो.

याचा अर्थ शेवटचे दोन दिवस जुन्या घरात आणि पहिले काही दिवस नव्या घरात गॅस नसतो. इंडक्शनची शेगडी आणि तिच्यावर चालणारी दोन भांडी बाहेर ठेवा. गृहप्रवेशाला दूध उतू घालायचं म्हणून आम्ही पातेलं, दूध, हळदकुंकू सगळं घेतलं होतं. पातेलं ॲल्युमिनियमचं, इंडक्शनवर तापेचना. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या गॅसवर दूध उतू घालून दिलं. ते त्यांच्या घरात उतू गेलं यावर सासूबाई अजून अधूनमधून बोलतात.

विजेच्या मीटरचा, रीडिंग स्पष्ट दिसेल असा फोटो निघायच्या दिवशी काढा. नव्या घरातल्या मीटरचाही त्याच दिवशी. इंटरनेटचं कनेक्शन हलवायचा अर्ज आत्ताच द्या. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याला वेळ लागतो आणि राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा एप्रिलमध्येच अर्ज केलेला बरा. औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांच्या फाइली, नेहमीच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊन ठेवा.

५. आता खोकी आणा (शेवटचे दहा दिवस)

दोनच मापांची खोकी घ्या, लहान आणि मध्यम. एकसारखी खोकी नीट रचली जातात. वाण्याकडची तऱ्हेतऱ्हेची खोकी गाडीत पोकळी ठेवतात आणि वळणावर कोसळतात. नियम एकच: जड ते लहान खोक्यात, हलकं ते मध्यम खोक्यात. दीड फूट लांबी-रुंदी-उंचीचं खोकं पुस्तकांनी भरलं तर चाळीस किलोच्या सहज पुढे जातं. ते कुणी उचलत नाही, ढकलतात. आणि मग तळ फाटतो.

खोल्यांचा क्रम: माळा, शोकेस, पुस्तकं, सणासुदीची भांडी, जादा अंथरुणं, कपडे, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर आणि देवघर.

ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा, प्रत्येकीत कागद. काचेचं सामान जुन्या सुती साड्यांत आणि चादरींत गुंडाळा, तसंही ते कापड न्यायचंच आहे. रद्दीचा कागद पांढऱ्या चिनी मातीला थेट लावला तर शाईचे डाग पडतात. डाळींचे स्टीलचे डबे भरलेलेच जाऊ द्या, फक्त झाकणाला भोवती टेप मारा आणि डबा उभा राहील असं बघा. लोणच्याची बरणी मात्र गाडीत नको. तोंडावर प्लॅस्टिक, त्यावर झाकण, दोरी, आणि ती आपल्या मांडीवर. घाटात उलटलेल्या एका बरणीने तीन खोकी वाया जातात, आणि तेलाचा वास पुस्तकांतून कधीच जात नाही.

खोक्यावर "किचन" एवढंच लिहून भागत नाही, कारण अशी बावीस खोकी होतात. क्रमांक घाला, आणि तो वरच्या झाकणावर नको, दोन बाजूंवर लिहा. खोकी एकावर एक आली की वरचं काही दिसत नाही. वहीत लिहा: "स्व-७: मिक्सर, त्याची भांडी, किसण्या, पोळपाट." वही हातात. वहीचा फोटो घरातल्या ग्रुपवर.

पलंग किंवा कपाट उघडलं की त्याचे बोल्ट लगेच पिशवीत, पिशवीवर नाव, आणि पिशवी त्याच वस्तूच्या फळीला टेपने घट्ट चिकटवलेली. "सगळे स्क्रू एका डब्यात" ही युक्ती सुचली तर सोडून द्या. तीन पलंग आणि दोन कपाटांचे बोल्ट एका डब्यात घालून आम्ही पहिल्या चार रात्री जमिनीवर झोपलो.

> सावधान: दागिने, रोकड, मूळ कागदपत्रं, चेकबुक, पासपोर्ट, लॅपटॉप, औषधं आणि देव्हाऱ्यातले देव गाडीत जात नाहीत. घर हलवायच्या धांदलीत दागिने घरात ठेवूच नका, आधीच लॉकरमध्ये ठेवा.

६. यंत्रं (शेवटचे दोन दिवस)

फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, पुसून दार किंचित उघडं ठेवा. तो उभाच न्यायचा. पोचल्यावर काही तास नुसता उभा राहू द्या, मग सुरू करा. वाटेत आडवा झाला असेल तर आणखी थांबा.

समोरून उघडणारं वॉशिंग मशीन न्यायचं असेल तर ड्रम अडकवून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट मागून लावावे लागतात. मशीन घेतलं तेव्हा ते काढून कुठे ठेवले, याचा शोध आत्ताच सुरू करा. पाइपमधलं पाणी काढा.

एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद करून घ्यायचा असतो. हमालाकडून हे करवून घेऊ नका, मेकॅनिकला बोलवा. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्यायची, तारा सोडवून, आणि तिच्याशेजारी कपडे ठेवायचे नाहीत. टीव्ही, वायफाय, इन्व्हर्टर यांच्या मागच्या तारा सोडवण्याआधी फोटो काढा. घरघंटीतलं पीठ झाडून घ्या, नाहीतर बरोबर किडेही स्थलांतर करतात.

कुंड्यांना दोन दिवस आधी पाणी द्या, निघायच्या दिवशी नको. तुळस आणि एखादं लाडकं झाड स्वतःच्या गाडीतून, बाकीची शेजाऱ्यांना.

७. भरायचा दिवस

दोन माणसं ठरवा. एक वर, दारात, वही घेऊन. एक खाली, गाडीपाशी. वरचा खोक्याचा क्रमांक वाचतो, खालचा गाडीत चढताना खूण करतो. मुलांना आणि ज्येष्ठांना सकाळीच नातेवाइकांकडे पाठवा.

गाडीत आधी कपाटं, फ्रिज, मशीन असं जड सामान पुढे केबिनच्या भिंतीला लावून. मग पुस्तकांची खोकी खाली, हलकी वर. गाद्या मोकळ्या जागेत ठासून. काच आणि आरसे उभे. पहिल्या रात्रीचं खोकं सगळ्यात शेवटी चढवा म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. त्यात इंडक्शन, एक पातेलं, चहा-साखर, बादली-मग, साबण, टॉवेल, दोन बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, पेचकस, कात्री, चादरी, झाडू, आणि नव्या दाराला लावायला नवं कुलूप.

गाडी सुटण्याआधी बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालाची पावती, घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर, दोन्ही पत्ते, सामानाची यादी आणि ठरलेली रक्कम हवी. गाडीचा आणि नंबरप्लेटचा फोटो काढा. पैसे सगळे देऊ नका, मोठा हिस्सा उतरवल्यावर देण्याचं आधीच ठरलेलं असावं.

> तपासा: रिकाम्या घरात एक शेवटची फेरी. माळा, गच्ची, दारामागचे हूक, बाथरूममधली कपाटं, मीटरच्या खोलीत ठेवलेली सायकल, इस्त्रीवाल्याकडे राहिलेले कपडे. आमचे सात शर्ट अजून डोंबिवलीत आहेत.

८. उतरवणं आणि नंतरचे आठ दिवस

नव्या घराच्या प्रत्येक खोलीच्या दारावर कागद लावा, खोक्यांवरच्याच नावांचा. नाहीतर हमाल सगळं हॉलमध्ये उतरवतात आणि निघून जातात. आधी पलंग जोडून घ्या, मग कपाटं. खोकी उघडायची घाई नको. क्रमांक वहीशी ताडून मगच उरलेली रक्कम द्या.

काही फुटलं किंवा कमी भरलं तर त्याच क्षणी फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहून सही घ्या. "सामान नीट मिळालं" असं छापलेल्या कागदावर डोळे झाकून सही करू नका. वाहतूकदाराकडे नुकसानीचा दावा करायचा तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. विम्याची मुदत बरीच कमी असते, त्यामुळे तिथे त्याच दिवशी कळवा.

उघडायचा क्रम: बाथरूम, स्वयंपाकघर, मुलांचं, कपडे. शोकेस आणि माळ्याची खोकी महिनाभर बंद राहिली तरी काही बिघडत नाही.

पत्ता बदलायची कामं एका बैठकीत उरकत नाहीत, पण आधार आधी करा, पुढच्या बहुतेक ठिकाणी तोच मागतात. मतदार यादीसाठी फॉर्म ८. गाडीच्या आरसी बुकावरचा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो. दुसऱ्या राज्यात गेला असाल तर जुन्या आरटीओची एनओसी घेऊन बारा महिन्यांच्या आत तिथला नंबर घ्यावा लागतो. मग बँक, विमा, रेशन कार्ड. आणि जुन्या सोसायटीच्या वॉचमनला नवा नंबर देऊन ठेवा. आमची पुढचे तीन महिने आलेली सगळी पत्रं त्यानेच राखली, दर महिन्याला फोटो पाठवून.